रेंजफाइंडरची लेन्स कशी पारखावी, आणि रोल की डिजिटल : सोलापूरकरांसाठी

रेंजफाइंडर कॅमेऱ्याकडे नव्याने वळणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. लेन्स ३५ एमएमची घेऊ की ५० ची? एफ/१.४ परवडत नाही, एफ/२.८ वर भागेल का (हा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून उजेड जास्त)? डिजिटल बॉडी घेऊ की जुनी रोलवाली? नेटवर उत्तरांना तोटा नाही. पण ती लिहिणारे बहुतेक जण अशा देशांत राहतात, जिथे ऊन पडलं की लोक बागेत जाऊन बसतात. आपल्याकडे ऊन पडलं की लोक दाराला पडदे लावतात. त्यामुळे तिकडचा सल्ला इकडे जसाच्या तसा लागू होत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: लेन्सची तुलना दुसऱ्याने काढलेल्या फोटोंवरून करू नका. तुम्ही जिथे फोटो काढणार त्याच उजेडात करा, आणि शक्यतो डिजिटलवर करा. लेन्सचे गुण-दोष कळले की मग रोल घाला. उलट क्रमाने गेलात तर पैसे रोलवर जातात आणि दोष कुणाचा ते शेवटपर्यंत कळत नाही.

१. आधी यंत्र समजून घ्या

एसएलआर कॅमेऱ्यात आपण आरशाच्या मदतीने लेन्समधूनच बघतो. रेंजफाइंडरमध्ये बघायची खिडकी वेगळी असते. त्या खिडकीत मधोमध एक उजळ चौकोन दिसतो, त्याला पॅच म्हणतात. पॅचमध्ये एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. फोकसची रिंग फिरवली की त्या एकमेकींवर सरकतात. तंतोतंत जुळल्या की फोकस झाला. लेन्सच्या मागचा एक उतार बॉडीतल्या दांडीला ढकलतो आणि दांडी पॅच हलवते. म्हणजे लेन्स, दांडी आणि पॅच या तिघांचं एकमत असलं पाहिजे. ते नसेल तर कितीही महाग लेन्स लावा, चेहरा सोडून कान फोकसमध्ये येणार.

या रचनेचे काही परिणाम नवख्याला पहिल्याच आठवड्यात भोवतात:

- लेन्सची टोपी तशीच असली तरी खिडकीतून सगळं झकास दिसतं. रोलवर कळतं तेव्हा धुऊन आलेलं असतं.
- म्हणून कुणी टोपीच लावत नाही, आणि दुसरा घोटाळा होतो. रोलच्या लायका, झोर्की, फेड या कॅमेऱ्यांचा शटर कापडी असतो आणि समोर आरसा नसतो. कॅमेरा गळ्यात, लेन्स सुर्याकडे, फोकस अनंतावर, अशा अवस्थेत कापडाला चक्क भोक पडतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ही गंमत नाही. चालताना लेन्सचं तोंड खाली ठेवा किंवा ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) एफ/१६ वर बंद ठेवा.
- लायका एम माउंटच्या (लायकाच्या एम बॉडींवर बसणाऱ्या) बहुतेक लेन्स ०.७ मीटरपेक्षा जवळ फोकस होत नाहीत. जुन्या तर १ मीटरलाच थांबतात. भाकरीवरच्या शेंगाचटणीचा क्लोजअप काढायला हा कॅमेरा नाही.
- खिडकी आणि लेन्स वेगवेगळ्या जागी असल्यामुळे जवळच्या फोटोत चौकट थोडी सरकते. चांगल्या बॉडीत फ्रेमलाइन (खिडकीत चौकट दाखवणाऱ्या रेषा) आपोआप सरकून हे सांभाळतात, तरी कडेला थोडी जागा सोडावी.

२. काय काय जमवायचं

सगळं एकदम घ्यायची गरज नाही, पण तुलना नीट करायची तर एवढं हाताशी हवं:

- एक बॉडी आणि एक लेन्स. दोन लेन्स नकोत, कारण पहिली अजून समजलेली नसते.
- साधा ट्रायपॉड, मोजपट्टी, मोबाइलची टॉर्च, हवा मारायचा रबरी ब्लोअर.
- मोबाइलवर लाइट मीटरचं ॲप. जुन्या बॉडीत मीटर नसतो किंवा असून नसल्यासारखा असतो.
- चार किंवा पाच स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळी काच; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) आणि कृष्णधवल रोलसाठी पिवळा फिल्टर. फिल्टर घेताना लेन्सचा घेर बघा. जुन्या लेन्सचे घेर विचित्र असतात.
- घरी लटकवलेली एक सोलापुरी चादर. हे मस्करीत लिहिलेलं नाही, पाचवी पायरी वाचा.

कागदपत्रांचं म्हणाल तर परदेशातून, म्हणजे बहुधा जपानमधून, वस्तू मागवली तर कुरिअरवाले केवायसी मागतात: पॅन किंवा आधार, आणि खरेदीचं बिल. वर कस्टम ड्युटी, कर आणि कुरिअरचं हाताळणी शुल्क लागतं. विक्रेत्याने लिहिलेली किंमत म्हणजे घरपोच किंमत नव्हे, हे गृहीत धरूनच बोली लावा. देशातल्या देशात जुनी वस्तू घेताना बॉडीचा आणि लेन्सचा क्रमांक लिहिलेली पावती घ्या, आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

३. उजेड मोजा, मग लेन्सचा आकडा ठरवा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लख्ख उन्हाचा जुना नियम असा: ॲपर्चर एफ/१६ ठेवा आणि शटर स्पीड रोलच्या आयएसओइतका (आयएसओ म्हणजे रोल उजेड किती चटकन टिपतो त्याचा आकडा). म्हणजे ४०० चा रोल असेल तर एफ/१६ ला १/५०० सेकंद. आता लायका एम३ पासून एम६ पर्यंतच्या बॉडींचा सर्वांत वेगवान शटर १/१००० आहे. यॅशिका इलेक्ट्रो ३५ किंवा कॅननेट क्यूएल१७ यांचा १/५००. हिशोब करा: ४०० चा रोल, दुपार, १/१०००, म्हणजे एफ/११. झालं. तुमच्या लेन्सवर एफ/१.४ लिहिलेलं असो की एफ/३.५, सिद्धेश्वर तलावाच्या काठावर भर दुपारी दोघी एफ/११ वरच चालणार, आणि एफ/११ वर बहुतेक लेन्स सख्ख्या बहिणी दिसतात. १०० चा रोल घातला तरी १/१००० ला एफ/५.६ च्या खाली उतरता येत नाही. तिथून एफ/१.४ वर यायचं तर चार स्टॉपचा एनडी लावावा लागतो. (रेंजफाइंडरचा एक फायदा इथे आहे: एनडी लावला तरी खिडकी काळी होत नाही, कारण आपण लेन्समधून बघतच नाही.)

आता दुसरं टोक बघा. पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यात शिरा. एक-दोन ट्यूब, त्यांच्यावर कापसाची पुटं, भिंती काळवंडलेल्या. तिथे ४०० आयएसओला एफ/२ वर १/६० मिळाला तर नशीब. बाहेरच्या उन्हात आणि आतल्या उजेडात आठ-नऊ स्टॉपचा फरक पडतो. एफ/२.८ ची लेन्स असेल तर १/३० वर जावं लागतं. रेंजफाइंडरमध्ये आरसा आपटत नसल्यामुळे १/३० हातात सांभाळता येतो, पण हलता धोटा आणि चालता हात धूसर येणार. ते हवं असेल तर उत्तमच.

म्हणून आधी स्वतःला विचारा, तुमचे फोटो कुठले? पेठांमधला बाजार, किल्ला, तलाव, वारी, यात्रा, असे दिवसाचे असतील तर एफ/२.८ ची छोटी लेन्स घ्या आणि उरलेले पैसे रोलला ठेवा. कारखान्यांचं आत, लग्नाचा मांडव, रात्रीची चौपाटी, असं असेल तरच एफ/२ किंवा त्याहून वेगवान लेन्सचा विचार करा. एफ/१.४ ची लेन्स जड असते, खिडकीचा कोपरा झाकते आणि एफ/१.४ वर फोकस जुळवायला रेंजफाइंडर अगदी नेटका लागतो. ५० एमएमला एफ/२ वर दोन मीटरवरचा माणूस घेतला तर फोकसमध्ये राहणारा पट्टा सुमारे १९ सेंटिमीटरचा असतो. एफ/१.४ वर तो १३ सेंटिमीटरवर येतो. दांडीत किंचित फरक असला की डोळे गेले.

४. ३५ की ५०, आणि कुठल्या घराण्याची

फोकल लांबीवर फार वेळ घालवू नका. चष्मा असेल तर मात्र घ्यायच्या आधी खिडकीतून बघाच. ०.७२ पटीच्या बॉडीत (म्हणजे खिडकीत सगळं डोळ्याला दिसतं त्याच्या ०.७२ पट दिसतं) चष्म्यातून ३५ ची चौकट कशीबशी दिसते, २८ ची कडा दिसतच नाही. १९५४ च्या एम३ ची खिडकी ०.९१ पटीची आहे, ५० साठी स्वर्ग, पण तिच्यात ३५ ची फ्रेमलाइनच नाही. १९५७ च्या एम२ मध्ये ती आली.

गर्दीत फिरणार असाल तर ३५ घ्या. कारण सौंदर्याचं नाही, अंतराचं आहे. ३५ एमएम, एफ/८, फोकस तीन मीटरवर ठेवला तर साधारण १.९ ते ७.३ मीटर एवढं सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त रेटारेटीत पुढे सरकत असतात. तिथे पॅच जुळवत बसलात तर समोरचा क्षण पुढच्या चौकात पोहोचलेला असतो. फोकस आधीच लावून ठेवायचा आणि नुसतं चटकन उचलून टिपायचं. ५० ला हाच पट्टा बराच अरुंद होतो.

घराणी थोडक्यात:

लायकाची स्वतःची समिक्रॉन एफ/२ सगळ्यांना हवी असते, आणि ती चांगलीच आहे. तिची जाहिरात करायची गरज नाही, किंमत करते. कोसिना ही जपानी कंपनी १९९९ पासून फोग्टलेंडर नावाने रेंजफाइंडरच्या लेन्स बनवते, आता याच माउंटच्या. नव्या माणसाने नवी लेन्स घ्यायची तर मी तिथे थांबायला सांगतो. कलर-स्कोपार ३५ एफ/२.५ सारखी चिमुकली लेन्स आपल्या उन्हासाठीच बनवल्यासारखी आहे. झाइसच्या झेडएम मालिकेतल्या बायोगॉन ३५ आणि प्लॅनर ५० अगदी कडक, सरळमार्गी. सी सॉनर ५० एफ/१.५ मात्र लहरी आहे: ॲपर्चर बंद करत गेलं की तिचा फोकस मागे सरकतो. चिनी बनावटीच्या सेव्हन आर्टिसन्स, टीटी आर्टिसन यांच्या लेन्स स्वस्तात एफ/१.४ देतात. त्या वजनदार असतात आणि नमुन्यानमुन्यांत फरक सापडतो, म्हणून परत करायची सोय असलेल्या ठिकाणीच घ्या.

रशियन ज्युपिटर आणि इंडस्टार लेन्स ३९ एमएमच्या आट्यांच्या. एक मिलिमीटर जाडीच्या अडॉप्टरने त्या एम बॉडीवर बसतात. ज्युपिटर-८ चे फोटो देखणे येतात, पण फोकसचं रशियन माप लायकाच्या मापाशी पूर्ण जुळत नाही, म्हणून लायकावर जवळच्या अंतराला, पूर्ण उघड्या ॲपर्चरवर फोकस चुकतो. तिच्याच झोर्कीवर ती गुणी असते. (झोर्की-४ घेतलीत तर शटर चढवल्याशिवाय स्पीडची चकती फिरवू नका, आतली यंत्रणा मोडते.) ज्युपिटर-१२ ची मागची काच इतकी आत शिरते की ती डिजिटल बॉडीवर लावायच्या आधी दहा वेळा विचार करावा.

फार खर्च न करता रेंजफाइंडर झेपतो का एवढंच बघायचं असेल तर न निघणाऱ्या लेन्सचा कॅमेरा घ्या. यॅशिका इलेक्ट्रो ३५ ला ४५ एमएम एफ/१.७ आहे, कॅननेट क्यूएल१७ जी-थ्रीला ४० एमएम एफ/१.७. दोन्हींचे मूळ सेल पाऱ्याचे होते, ते आता मिळत नाहीत. कॅननेटला १.५ व्होल्टचा साधा सेल घातला की मीटर चुकीचा आकडा दाखवतो. त्यापेक्षा श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल घाला. तो १.४ व्होल्टचा असतो, म्हणजे मूळच्या १.३५ च्या अगदी जवळ. श्रवणयंत्रांच्या दुकानात मिळतो. सोबत बारीक रबरी रिंग लावून पोकळी भरावी लागते.

५. जुनी लेन्स तपासा, मग चादर टांगा

जुनी लेन्स हातात आली की दोन्ही टोप्या काढा, ॲपर्चर पूर्ण उघडा आणि मागून तिरपी टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. दुधी पटल दिसलं तर धुरकटपणा. तो कधी साफ होतो, कधी काच खाऊन बसलेला असतो. कडेला इंद्रधनुषी डाग दिसला तर दोन काचांमधला गोंद सुटतोय. मुंबई-कोकणातून आलेल्या लेन्समध्ये बुरशीचं प्रमाण जास्त. आपल्याकडची कोरडी हवा या बाबतीत वरदान आहे. बारीक ओरखडे फोटोत दिसत नाहीत, त्यांच्यासाठी भाव पाडून घ्या.

आता चादर. सोलापुरी चादरीवर जॅकार्डचं नक्षीकाम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याच मापात येतं, रेषा सरळ असतात आणि जवळून बघितलं की सूत न् सूत मोजता येतं. बाजारात मिळणारे कागदी टेस्ट चार्ट इतके मोठे नसतात. गच्चीवर सावलीच्या भिंतीला चादर ताणून लावा, चारी कोपरे बांधा. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला समांतर, चौकट चादरीने भरेल एवढ्या अंतरावर. (किल्ल्यात जाऊन हा खटाटोप करू नका. भुईकोट किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिथे ट्रायपॉडला परवानगी लागते.) सर्वांत उघड्या ॲपर्चरपासून एफ/११ पर्यंत एकेक फोटो घ्या. मग संगणकावर मध्यभाग आणि चारी कोपरे शंभर टक्के मोठे करून बघा.

- मध्यभाग स्पष्ट आणि चारही कोपरे सारखेच मऊ: लेन्सचा स्वभाव, तक्रार नाही.
- एकच कोपरा मऊ: आतली काच तिरपी बसली आहे किंवा कॅमेरा समांतर नव्हता. कॅमेरा उलटा करून पुन्हा घ्या. चादरीचा तोच कोपरा मऊ राहिला तर कॅमेरा तिरपा होता, समोरचा कोपरा मऊ झाला तर दोष लेन्सचा.
- रेषा फुगीर: ३५ च्या काही लेन्समध्ये असतंच.

दुसरी चाचणी महत्त्वाची. तीच चादर पलंगावर पसरा आणि एका बाजूने तिरपं बघत, सुमारे मीटरभर अंतरावरून, नक्षीच्या एका ठरावीक पट्ट्यावर पॅच जुळवा. फोटोत तोच पट्टा सर्वांत स्पष्ट आला पाहिजे. अलीकडचा किंवा पलीकडचा आला तर फोकस चुकतोय. आता एफ/२, एफ/२.८, एफ/४ असं करत बघा. स्पष्ट पट्टा हळूहळू मागे सरकत गेला तर लेन्सचाच फोकस सरकतो, सॉनर घराण्यासारखा.

चूक लेन्सची की बॉडीची? इथे डिजिटल उपयोगी पडतं. लाइव्ह व्ह्यू (लेन्समधलं चित्र मागच्या पडद्यावर दाखवायची सोय) असलेली लायकाची डिजिटल एम असेल, किंवा अडॉप्टर लावून सोनी, निकॉन झेड असा मिररलेस कॅमेरा मिळाला, तर पडद्यावर मोठं करून फोकस करा. पडद्यावरून केलेला फोटो कडक आणि पॅचवरून केलेला मऊ, म्हणजे काच ठणठणीत आहे, जुळणी बिघडली आहे. दुसरी लेन्स लावूनही पॅच तेवढाच चुकत असेल तर दोष बॉडीचा. दूरचा मोबाइल टॉवर पॅचमध्ये धरा. रिंग अनंतावर असताना दोन टॉवर दिसले तरी बॉडीकडेच संशय. जुळणी दुरुस्त होते, पण स्क्रूड्रायव्हर घेऊन घरी बसू नका. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरलं की समोरच फोर्टातला बोरा बाजार आहे, कॅमेऱ्याची दुकानं त्या भागात आहेत. दुरुस्तीला देण्याआधी चाचणीचे फोटो मोबाइलमध्ये न्या. "जरा सॉफ्ट येतंय ओ" एवढ्यावरून समोरच्याला काही कळत नाही.

एक सूचना: मिररलेसवर रुंद लेन्सचे कोपरे घाण आले म्हणून लेन्स परत करू नका. सेन्सरवरची काच तिथे लायकापेक्षा जाड असते आणि कडेची तिरपी किरणं तिच्यात विस्कटतात. २१, २८ एमएमला हे ठळक दिसतं, ५० ला जवळपास नाहीच. तीच लेन्स रोलवर कोपऱ्यापर्यंत छान येते.

६. रोल की डिजिटल

आधी पैशाचा हिशोब. रोल हजाराचा, धुलाई आणि स्कॅन पाचशे असं धरलं तर ३६ फोटोंचे पंधराशे, म्हणजे एका क्लिकला ४१-४२ रुपये. भाव बदलतात, तुमच्या भावाने गुणाकार करा. डिजिटल लायका बॉडीची किंमत पंधराशेने भागली की किती रोल येतात ते कळतं, आणि बहुतेक लोक तिथेच रोलचा कॅमेरा उचलतात. मला हा हिशोब अर्धवट वाटतो, कारण शिकताना लागणारे फोटो त्यात धरलेले नसतात. शिकायला डिजिटल स्वस्त पडतं.

फोटोच्या दृष्टीने फरक कुठे पडतो? माझ्या मते आपल्या गावात दोन ठिकाणी.

पहिलं, पांढरं कापड आणि ऊन. बाराबंदी, फेटे, चुना लावलेली भिंत. डिजिटलवर पांढरं एकदा जळलं की परत येत नाही, म्हणून एक्स्पोजर पांढऱ्यावर धरा आणि सावल्या नंतर उचला. कलर निगेटिव्ह बरोबर उलट वागतं: जास्त प्रकाश दोन स्टॉपपर्यंत हसत पचवतं, कमी प्रकाशात सावल्या मातकट करतं. म्हणून रोलवर मीटर सावलीवर धरायचा. डिजिटलची सवय घेऊन रोलवर आलेले लोक इथे हमखास अडकतात आणि मग "फिल्मचे रंग असेच येतात" म्हणत फिरतात.

दुसरं, कापडच. डिजिटल एम बॉडींमध्ये सेन्सरवर लो-पास फिल्टर (अतिबारीक तपशील जरा मऊ करणारी काच) नाही. सेन्सरवरच्या पिक्सेलची जाळी आणि कापडातल्या ताण्याबाण्याची जाळी एकमेकींवर पडली की टॉवेलवर, चादरीवर रंगीत लाटा उठतात. याला म्वारे म्हणतात. ज्या शहरात अर्धं गाव कापडावर जगतं तिथे हा किरकोळ दोष नाही. एखाद्या कारखानदाराला मालाचे फोटो काढून दिलेत आणि पांढऱ्या टॉवेलवर जांभळ्या-हिरव्या लाटा आल्या, की तो म्हणणार, "काय ओ, माल डागी दाखवलाय तुम्ही." उपाय आहेत: अर्धा मीटर मागे-पुढे व्हा, कोन बदला, किंवा एफ/१६ पर्यंत बंद करून तपशील जरा मऊ करा. रोलमध्ये दाणे विखुरलेले असतात, जाळीत बसवलेले नसतात, म्हणून तिथे या लाटा उठत नाहीत.

बाकीचे मुद्दे भराभर. लेन्सवरची खोलीची पट्टी (कुठपासून कुठपर्यंत स्पष्ट येईल ते दाखवणाऱ्या खुणा) रोलच्या जमान्यातल्या छोट्या प्रिंटसाठी आखलेली आहे. जास्त मेगापिक्सेलच्या बॉडीवर एफ/८ लावला असेल तर पट्टीवरच्या एफ/४ च्या खुणा माना. जुन्या डिजिटल एम घेताना सावध: २००६ ची एम८ काळं सिंथेटिक कापड जांभळं दाखवते, तिला लेन्सवर यूव्ही-आयआर फिल्टर लागतो, आणि २००९ च्या एम९ चा सेन्सर गंजण्याचा दोष सगळ्यांना ठाऊक आहे, बदललेला असल्याचा पुरावा मागा. एम९ ला लाइव्ह व्ह्यूही नाही.

कारखान्यात जाताना लेन्स बाहेरच लावून जा. आत हवेत कापसाचा तूस तरंगत असतो. दोन मिनिटं बॉडी उघडी राहिली की सेन्सरवर किंवा रोलच्या खिडकीत एखादा धागा बसतो आणि प्रत्येक फोटोत त्याच जागी वळवळतो. मिररलेस नेलात तर इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा, ट्यूबच्या उजेडात आडवे पट्टे येतात. आणि आधी विचारा. "अण्णा, दोन फोटो काढू का?" एवढं विचारलं की बहुतेक वेळा माग बंद करून माणूस ताठ उभा राहतो. त्याला माग चालू ठेवायला सांगायचं असतं. कॅमेऱ्याच्या हळू आवाजाचं रेंजफाइंडरवाले एवढं कौतुक करतात, त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. मागांच्या खडखडाटात तोफ वाजली तरी कुणी वळून बघणार नाही.

७. रोल भरणं, नेणं आणि पाठवणं

रोल सावलीत भरा. पट्टी चक्रात अडकल्यावर मागचं झाकण लावून एक-दोनदा पुढे ओढा आणि रिवाइंडची घुंडी फिरते का बघा. फिरत नसेल तर रोल पुढे सरकत नाहीये, आणि ३६ नंतरही आकडा पुढेच जात राहील.

उन्हाळ्यात रोल फ्रिजमध्ये, हवाबंद डब्यात. वापरायच्या दोनेक तास आधी बाहेर काढा, लगेच डबा उघडलात तर दव धरतं. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर रोल ठेवणं म्हणजे तो शिजवणं. विमानाने जाणार असाल तर रोल हातातल्या पिशवीत ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. नव्या सीटी पद्धतीच्या मशिनमध्ये रोलवर धूसर पडदा चढतो.

धुवायला द्यायचं तर आधी दोन प्रश्न विचारा: रसायन शेवटचं कधी बदललं, आणि निगेटिव्ह परत देता का? काही ठिकाणी स्कॅन देतात आणि निगेटिव्ह कापून गुंडाळी करून हातात ठेवतात. पुण्या-मुंबईला पाठवताना रोल डबीत, डबी खोक्यात, आणि प्रत्येक कॅसेटवर मार्करने आयएसओ. ४०० चा रोल १६०० ला चालवला असेल तर ते मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर ते नेहमीसारखाच धुणार.

८. घरी धुवायचं असेल तर पाण्याचं बघा

कृष्णधवल रोल घरी धुणं अवघड नाही. टँक, चेंजिंग बॅग (रोल अंधारात हाताळायची पिशवी), थर्मामीटर, डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन), फिक्सर (ते पक्कं करणारं) आणि मोजपात्रं एवढंच लागतं. आपली अडचण पाण्याची आहे, तीही तिहेरी.

पहिली, तापमान. इल्फर्ड कंपनीच्या एचपी५ प्लस रोलला आयडी-११ डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं हा इल्फर्डचाच आकडा. मे महिन्यात टाकीचं पाणी २० अंश असणं अशक्य. बर्फाच्या बाटल्या घातलेल्या टबात सगळ्या बाटल्या ठेवा: डेव्हलपर, फिक्सर आणि धुवायचं पाणीसुद्धा. २४ अंशांवर आणलं तरी चालतं, कंपनीच्या तक्त्यातून वेळ कमी करा. पण वेळ पाच मिनिटांच्या खाली गेली की रोल एकसारखा धुतला जात नाही. डेव्हलपर थंड आणि पुढचं पाणी गरम असं झालं तर थराला सुरकुत्या पडतात. रंगीत रोलची सी-४१ धुलाई मात्र ३८ अंशांना, सव्वातीन मिनिटं. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरची टाकी अर्धं काम फुकट करते.

दुसरी, पाणी रोज येत नाही. नळ सोडून अर्धा तास धुवायची गरज नाही. इल्फर्डची पद्धत वापरा: टँक भरा, पाच वेळा उलटा-सुलटा करा, ओता, पुन्हा भरा, दहा वेळा, पुन्हा भरा, वीस वेळा. तीन टँक पाण्यात रोल स्वच्छ होतो. फिक्सर कडक करणाऱ्या जातीचा नसावा एवढीच अट.

तिसरी, क्षार. बोअरच्या पाण्याने धुतलेला रोल वाळला की पांढरे ठिपके राहतात आणि स्कॅनमध्ये आकाशभर दिसतात. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या, त्यात वेटिंग एजंटचे (पाणी ठिपके न ठेवता निथळून जावं म्हणून घालायचं रसायन) दोन थेंब. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या कुठल्याही दुकानात मिळतं, फक्त ते ॲसिड नाही ना हे लेबल वाचून बघा. रोल न्हाणीघरात टांगा, पंखा बंद ठेवा, आणि आधी गरम पाणी सोडून हवेतली धूळ खाली बसू द्या.

वाळलेला रोल सहा-सहा फोटोंच्या पट्ट्यांत कापून पारदर्शक पानांत घाला. पानावर तारीख, बॉडी, लेन्स आणि रोलचा प्रकार लिहा. दोन लेन्स एकाच रोलवर वापरल्या असतील तर कुठल्या क्रमांकापासून कुठली, हेही लिहून ठेवा. पावसाळ्यात फाइल बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवून पुन्हा घाला.